धंदा कोणाच्या नावावर, कोणाच्या हातात? लघुउद्योगातल्या स्त्री-पुरुष फरकाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी), बँकेचे कर्ज, भागीदारीचा करारनामा, सरकारी अनुदान अशा कामांच्या निमित्ताने तेच तेच प्रश्न पुन्हा पुढे येतात. त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. योजनांच्या मर्यादा आणि मुदती बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात ताजा आकडा विचारून घ्यावा.

बाईने चालवलेला धंदा आणि पुरुषाने चालवलेला धंदा यांत खरोखर फरक असतो का?

असतो, पण तो स्वभावात शोधायला गेलात तर सापडणार नाही. तो आकारात दिसतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३व्या फेरीत (२०१५-१६) सूक्ष्म उद्योगांपैकी २०.४४ टक्के महिलांच्या मालकीचे निघाले. लघु उद्योगांत हे प्रमाण ५.२६ टक्क्यांवर आले आणि मध्यम उद्योगांत २.६७ वर. धंदा सुरू करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पायऱ्या चढताना त्या गळत जातात. २०१३-१४च्या सहाव्या आर्थिक गणनेत महिलांच्या मालकीच्या आस्थापना ८० लाखांवर होत्या आणि त्यांतल्या सुमारे ८३ टक्के ठिकाणी एकही पगारी माणूस नव्हता. मालकीणच कामगार, तीच हिशेबनीस, डिलिव्हरीलाही तीच.

‘बायका धोका पत्करत नाहीत’ हे वाक्य या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येते. जिच्या नावावर घर नाही, दुकान नाही, सातबाराही नाही, ती धोका कशाच्या जिवावर पत्करणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

मग महिलांचे धंदे लहान का राहतात?

पहिले कारण वेळ. २०२४च्या केंद्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, असे दिसले. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. जवळजवळ साडेतीन तासांचा हा फरक म्हणजे अर्धी पाळी. एकाच गल्लीतल्या दोन शिवणयंत्रांपैकी एक सलग आठ तास चालते. दुसरे दुपारी दोन तास आणि रात्री जेवणे उरकल्यावर दीड तास चालते. यंत्र तेच, कर्जाचा हप्ताही तोच.

दुसरे कारण भांडवल घरात कुठे वळते हे. श्रीलंकेत डी मेल, मॅकेन्झी आणि वुड्रफ या अर्थतज्ज्ञांनी छोट्या धंदेवाल्यांना चिठ्ठ्या टाकून अनुदान दिले. पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा वाढला नाही. कित्येक वर्षे याचा अर्थ ‘बायकांना पैसा वापरता येत नाही’ असा लावला गेला. २०१९ साली बर्नहार्ट, फील्ड, पांडे आणि रिगोल यांनी भारत, घाना आणि श्रीलंकेची आकडेवारी पुन्हा तपासली. ज्या घरात ती एकटीच धंदा करत होती, तिथे तिच्या भांडवलाला पुरुषांइतकाच परतावा मिळाला होता. जिथे नवऱ्याचाही धंदा होता, तिथे तिच्या नावाने आलेला पैसा त्याच्या धंद्यात गेला होता. हा निष्कर्ष वाचून आपल्याकडे कोणाला आश्चर्य वाटेल असे नाही.

तिसरे कारण क्षेत्र. घरातून जमेल, भांडवल कमी लागेल आणि कोणी नावे ठेवणार नाही अशा कामांत गर्दी होते: शिवणकाम, पार्लर, मसाले, फराळ, डबे. एका वाडीत पाच जणी पापड करायला लागल्या की भाव पाडूनच माल विकावा लागतो.

माझा माल खपतो, पण हातात काही उरत नाही. का?

बहुतेक वेळा मजुरी धरलेली नसते. १० किलो चकलीचा नमुना हिशेब पाहा. भाव तुमच्या बाजाराप्रमाणे घाला.

भाजणी ७ किलो, १३० रुपये दराने ९१० रुपये. तेल साडेतीन लिटर, १५० ने ५२५. तीळ, तिखट, ओवा, मीठ मिळून १६५. गॅस २००. पिशव्या, लेबले आणि सीलिंग २००. एकूण २,००० रुपये. ३०० रुपये किलोने विक्री झाली की ३,००० आले, म्हणजे ‘हजार सुटले’.

आता मजुरी. भाजणी भिजवणे, पाडणे, तळणे, निववणे, भरणे यांत दोघींचे प्रत्येकी सात तास गेले. तासाला ७५ रुपये धरले तरी १४ तासांचे १,०५० होतात. म्हणजे ५० रुपये तोटा. घरच्या घरी हा तोटा दिसत नाही. दिवाळीची मोठी ऑर्डर आली आणि बाहेरून दोन बायका कामाला लावल्या की मग तो दिसतो. धंदा वाढवायला गेल्यावर तोटा का झाला, याचे उत्तर बहुधा या एका ओळीत असते.

उपाय सरळ आहे. स्वतःचे तास वहीत लिहा, बाहेरच्या बाईला जी मजुरी द्याल तीच स्वतःला लावा, त्यावर तुटफूट आणि उरलेल्या मालासाठी ५ टक्के धरा, आणि मग नफा जोडा. वरच्या हिशेबात भाव ३७० ते ३८० च्या आसपास जातो. तो भाव गिऱ्हाईक देत नसेल तर चकली हा तुमचा माल नव्हे. भाजणीच विका. तिच्यात तास कमी जातात आणि ती टिकतेही जास्त.

हीच चूक पुरुषांच्या धंद्यातही होते, फक्त तिथे न धरलेली मजुरी बायकोची असते. त्याबद्दल पुढे.

बँकेत ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणतात. तसा नियम आहे का?

नाही. सज्ञान बाई स्वतःच्या नावाने चालू खाते उघडू शकते, प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याची एकटी मालक, होऊ शकते आणि एकटी कर्ज घेऊ शकते. नवऱ्याची सही तीन वेगवेगळ्या नात्यांनी मागितली जाते. सही करण्याआधी त्यातले नाते कोणते ते वाचा.

सहकर्जदार असेल तर कर्ज दोघांचे होते आणि त्याचा सिबिल स्कोअर खराब असला तर तुमचा अर्जही अडकतो. जामीनदार असेल तर कर्ज तुमचे, पण थकले की बँक त्याच्याकडे जाते. तारण ठेवलेली मालमत्ता त्याच्या नावावर असेल तर मालक म्हणून त्याची सही लागतेच. पहिली दोन नाती टाळता येतात का, हे शाखेत लेखी विचारा. अर्ज तोंडी परतवू देऊ नका. पोच घ्या, आणि नामंजूर केला तर कारण लेखी मागा. नुसत्या ‘साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ला धरून तक्रार करता येत नाही, पोच असेल तर येते.

तारण द्यायला माझ्या नावावर काहीच नाही.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी (१ एप्रिल २०२६ पूर्वी मंजूर झालेल्या कर्जांना १० लाखांपर्यंत) बँकांनी तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. त्यापुढे सीजीटीएमएसई या पतहमी न्यासाचे कवच मिळते. त्याची कमाल मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आहे. महिलांच्या उद्योगांना ९० टक्के हमी आणि वार्षिक हमी शुल्कात १० टक्के सवलत आहे. इथे एक गैरसमज फार पसरला आहे. हमी बँकेला मिळते, तुम्हाला नाही. हप्ते थकले तर न्यास बँकेचे नुकसान भरतो आणि तुमच्याकडची वसुली चालूच राहते.

मुळात मालमत्ता नावावर का नाही, हा प्रश्न घरात विचारण्यासारखा आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. महाराष्ट्रात त्याची सुधारणा १९९४ साली झाली, देशभर २००५ साली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात हे पक्के केले की, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी ती जमीन तारण म्हणून किती कर्ज मिळवून देऊ शकते, याचा हिशेब एकदा मांडा. भावाला ओवाळायचे ते ओवाळाच.

कर्ज किती मागावे?

बायका कमी मागतात आणि अर्ध्या रस्त्यात अडकतात. यंत्राचे पैसे मागितले जातात, खेळते भांडवल विसरले जाते. खेळत्या भांडवलाची जुनी आणि आजही चालणारी पद्धत अशी: वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के ही गरज धरायची, त्यातले उलाढालीच्या २० टक्के बँक देते, ५ टक्के तुम्ही घालता. ३० लाखांची उलाढाल असेल तर गरज साडेसात लाखांची, कॅश क्रेडिट (लागेल तसे काढायचे आणि भरायचे बँककर्ज) सहा लाखांचे आणि स्वतःचे दीड लाख.

मुद्रा योजनेत शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण कर्ज फेडलेल्यांना तरुण प्लस २० लाखांपर्यंत मिळते. मुद्राच्या खात्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश महिलांची आहेत, पण लहान रकमांतच त्यांची गर्दी आहे. दुसऱ्यांदा शिशूच मागू नका. मागच्या वर्षाचे चालू खात्याचे स्टेटमेंट, जीएसटी असेल तर विवरणपत्रे आणि दोन कोटेशने घेऊन किशोर मागा. विक्रीचे पैसे घरच्या बचत खात्यात किंवा नवऱ्याच्या यूपीआयवर घेत असाल, तर बँकेच्या लेखी तुमचा धंदा अस्तित्वातच नाही.

वेगळे खाते ठेवण्याचा उपयोग केवळ कागदापुरता नसतो. युगांडात ब्रॅक या छोटी कर्जे देणाऱ्या संस्थेच्या कर्जदार बायकांपैकी काहींना कर्ज रोख न देता त्यांच्याच वेगळ्या मोबाइल खात्यात दिले. आठ महिन्यांनी त्यांचा नफा रोख घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त होता. हातात रोख दिसली की घरातल्या प्रत्येकाला आपली नड आठवते.

सवलतीसाठी धंदा बायकोच्या नावावर काढायचा आहे. काही अडचण?

मोठी अडचण आहे, आणि ती तिच्या डोक्यावर येते. कर्ज तिचे, जीएसटीची थकबाकी तिची, चेक वटला नाही तर कलम १३८ ची नोटीसही तिलाच. व्यवहार मात्र तुमच्या फोनवर. प्रोप्रायटरची जबाबदारी अमर्याद असते, त्यामुळे तिचे दागिने आणि माहेरून आलेली जमीनही त्यात येते.

करही वाचत नाही. तुम्ही तिला बक्षीस म्हणून दिलेल्या पैशावर धंदा उभा राहिला, तर त्या भांडवलाच्या प्रमाणात नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. भांडवल द्यायचेच तर लेखी, योग्य व्याजाचे कर्ज म्हणून द्या आणि व्याज खरोखर घ्या.

ती खरोखर चालवणार असेल तर पाच गोष्टी तिच्याकडे हव्यात: खात्याचे सही-अधिकार, ओटीपी येणारा मोबाइल क्रमांक, जीएसटी आणि उद्यम पोर्टलचे पासवर्ड, चेकबुक, आणि सीएशी थेट बोलणे. कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवण्याची पद्धत आजच बंद करा. पाहणीला आलेला अधिकारी पहिला प्रश्न साधाच विचारतो: कच्चा माल कुठून येतो, भाव काय? तिथे ती नवऱ्याकडे बघू लागली की प्रकरण संपले.

बायको रोज दुकानात बसते. तिला पगार दाखवता येतो का?

येतो, आणि दाखवावा. मात्र आयकरात एक मेख आहे. ज्या धंद्यात नवऱ्याचा भरीव वाटा आहे, तिथे बायकोला दिलेला पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या ज्ञानापोटी असेल, तर सूट आहे. बी.कॉम. झालेली पत्नी हिशेब पाहते, फार्मसिस्ट पत्नी औषधांचे दुकान सांभाळते, ही साधी उदाहरणे. पगार बँकेतून द्या, बाजारभावाइतकाच द्या आणि कामाचे स्वरूप कागदावर ठेवा.

दुसरी वाट भागीदारीची. करारनाम्यात नफ्याचा वाटा, भांडवल, खाते कोण चालवणार आणि भागीदार बाहेर पडल्यास हिशेब कसा, हे चार मुद्दे स्पष्ट हवेत. ‘कोणाही एकाची सही’ आणि ‘दोघांची संयुक्त सही’ यांतला फरक भांडण झाल्यावर कळतो. भागीदारी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदवा. नोंदणी नसलेल्या भागीदारीला येणे वसूल करायला दावा लावता येत नाही.

लग्नानंतर नाव बदलले, कागदांवर तीन नावे आहेत. काय करू?

ही अडचण पुरुषांना माहीतच नसते. आपल्याकडे आडनावाबरोबर मधले नावही बदलते, काही घरांत पहिलेसुद्धा. आधारवर सासरचे, पॅनवर माहेरचे आणि बँकेत तिसरेच असले की उद्यम नोंदणी आणि केवायसी दोन्ही अडतात.

आधी एकच नाव ठरवा. माहेरचेच ठेवले तरी कायद्याने चालते. मग आधार दुरुस्त करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून स्पेलिंग नीट बघा. पुराव्याला विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागते. पहिले नाव बदलले असेल तर राजपत्रातली नोंद करून ठेवा. त्यानंतर पॅन, मग बँक, शेवटी उद्यम आणि जीएसटी. जीएसटीवरचे कायदेशीर नाव पॅनवरून येते, त्यामुळे हा क्रम उलटा केला की काम दोनदा करावे लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे. तिचे हजार-पाचशे मागणारी संकेतस्थळे खासगी असतात.

अनुदानात महिलांना नेमका किती फायदा?

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात दहा लाखांचा ग्रामीण प्रकल्प धरा. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला स्वतःचे एक लाख घालावे लागतात आणि २५ टक्के, म्हणजे अडीच लाख अनुदान मिळते. महिलेला स्वतःचे ५० हजार आणि अनुदान ३५ टक्के, साडेतीन लाख. शहरी भागात हेच १५ आणि २५ टक्के. प्रकल्पखर्चाची मर्यादा उत्पादनाला ५० लाख, सेवेला २० लाख. पती-पत्नींपैकी एकालाच लाभ मिळतो.

कुठे बिघडते? अनुदान हाती येत नाही. ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि प्रत्यक्ष पाहणीत उद्योग चालू दिसला तरच कर्जात वळते होते. मधल्या काळात शेड बंद करून यंत्र विकले तर अनुदान परत जाते आणि कर्ज पूर्ण अंगावर येते. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरत नाहीत.

खाद्यप्रक्रियेसाठी पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान आहे. तिथे स्त्री-पुरुष फरक नाही, पण बचत गटातल्या प्रत्येक सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळते.

सरकारी खरेदीत राखीव वाटा आहे म्हणतात, तो कसा मिळवायचा?

केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची आणि त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असे धोरण आहे. प्रोप्रायटर बाई असावी, किंवा भागीदारी-कंपनीत महिलांचा वाटा किमान ५१ टक्के असावा. उद्यम प्रमाणपत्रावर लिंग बरोबर नोंदले आहे का ते पाहा आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलशी उद्यम क्रमांक जोडा. त्याशिवाय तुम्ही त्या ३ टक्क्यांत मोजल्याच जात नाही.

उधारी वसूल करताना बाईला टोलवतात. काय करावे?

फोनवर विनवण्या करण्यापेक्षा कागद पाठवा. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावेच लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाईक कंपनीला त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही, आणि हे तिच्या सीएला चांगले ठाऊक असते. म्हणून पत्राची एक प्रत लेखा विभागाला पाठवा. तरीही हलले नाहीत तर थकलेल्या येण्यासाठी असलेल्या केंद्राच्या एमएसएमई खात्याच्या पोर्टलवर अर्ज करा. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही, त्यांनी उधारीच बेताने द्यावी.

कारागीर ऐकत नाहीत, पुरवठादार ‘मालक कुठे आहेत?’ विचारतात.

आवाज चढवून फारसे साधत नाही, कामाची माहिती असली की साधते. यंत्राचा कोणता भाग किती दिवसांनी बदलतो, तो कितीला मिळतो, एका पाळीत किती नग निघायला हवेत, हे तीन आकडे तोंडपाठ ठेवा. रोजचे काम फळ्यावर लिहा, हजेरी-पगार एकाच तारखेला, पगार बँकेतून. दरपत्रके नेहमी दोन पुरवठादारांकडून घ्या आणि ऑर्डर स्वतःच्याच सहीने द्या. नवऱ्याने किंवा भावाने ‘मी बोलतो त्याच्याशी’ म्हणून एकदा फोन केला की पुढे सगळे फोन त्यालाच जातात.

मालक कोणीही असो, दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती नेमावी लागते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बायकांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेची सोय करूनच कामावर ठेवता येते.

बचत गट असताना वेगळी नोंदणी कशाला?

सुरुवातीला गट पुरतो, भांडवलालाही आणि धीरालाही. लिज्जतची सुरुवात १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर केली. पण गटाचे कर्ज सगळ्यांत वाटले जाते, आणि जिचा धंदा वाढतो तिला ते पुरेनासे होते. वर्षाची विक्री चार-पाच लाखांवर गेली की स्वतःचे चालू खाते आणि उद्यम नोंदणी काढा, गटाचे सदस्यत्व ठेवा.

बाळंतपणात धंदा कसा सांभाळायचा?

२६ आठवड्यांची पगारी रजा नोकरदार बाईला मिळते, मालकिणीला नाही. सहाव्या महिन्यापर्यंत तीन महिन्यांचे हप्ते बाजूला काढा, नव्या उधारीच्या ऑर्डरी थांबवा, आणि खरेदी-पॅकिंग सांभाळणारी एक बाई आधीच तयार करा. हप्ता चुकणार असे दिसले तर चुकण्याआधी बँकेला लेखी कळवा. खाते ९० दिवस थकले की ते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरते आणि मग कोणी ऐकत नाही.

पुरुषांच्या धंद्यात नेहमी काय चुकते?

घरी आकडा न सांगणे. कर्ज किती, कोणाचे, उधारी कुठे अडकली हे पत्नीला ठाऊक नसते. गावातल्या सावकाराकडून शेकडा तीनने उचललेले पैसे तर कोणालाच ठाऊक नसतात. शेकडा तीन म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाला ३६.

नवरा गेला, दुकान त्याच्या नावावर होते. आधी काय करायचे?

प्रोप्रायटरशिप माणसाबरोबर संपते. त्याचे यूपीआय किंवा नेट बँकिंग वापरत राहू नका. मृत्यूचे दाखले किमान दहा काढा. बँकेला कळवा. नामनिर्देशित व्यक्तीला बँक पैसे देते, पण म्हणून ती एकटी वारस ठरत नाही. स्वतःच्या पॅनवर नवी जीएसटी नोंदणी घ्या, शिल्लक इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची मिळणारी वजावट) आयटीसी-०२ फॉर्मने वळवा आणि मगच जुनी नोंदणी रद्द करा. अन्नपरवाना, भाडेकरार आणि वीजजोडणी ही नावे लगोलग बदलून घ्या. कर्जाला विमा जोडलेला होता का, हे मंजुरीपत्रात पाहा. हप्त्यातून त्याचे पैसे कापले गेलेले असतात आणि दावा करायचा राहून जातो.